१४२८५७ आणि देवळालीचे गणिती मास्तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नाशिक रोडला आमच्या गच्चीवर शेजारपाजारची मुलं आकड्यांशी खेळायला जमतात. एक फळा, दोन-तीन खडू आणि ज्याची त्याची वही. आजवर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते एकाच संख्येवर, १४२८५७ वर. मुलांनी विचारले, त्यांना सोडायला येणाऱ्या आईबाबांनी विचारले, मोबाईलवर काहीतरी वाचून आलेल्या आजोबांनीही विचारले. ते प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. शीर्षकातले मास्तर म्हणजे इथल्याच देवळालीला शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर, ते पुढे भेटतील. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, पण जमेल तिथे हातानंच करा. ही संख्या डोक्याच्या आधी बोटांना कळते.

ह्या संख्येत एवढं काय आहे?

तिचा पाढा म्हणून पाहा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

सहाही ओळींत तेच सहा अंक आहेत. नुसते तेच अंक असते तर एक गोष्ट होती, इथे त्यांचा क्रमही मोडलेला नाही. १ नंतर ४, ४ नंतर २, २ नंतर ८, ८ नंतर ५, ५ नंतर ७ आणि ७ नंतर पुन्हा १. सहा मुलं हात धरून रिंगण करून उभी आहेत आणि आपण फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते बदलतोय, असं समजा. म्हणून हिला चक्रीय संख्या म्हणतात. सातव्या ओळीत मात्र रिंगण सुटतं आणि ९९९९९९ येतं.

पण हे होतं कसं?

इथे थोडं थांबू, कारण बाकीची निम्मी उत्तरं ह्यातूनच निघणार आहेत.

समजा सात भागीदारांनी मिळून घेतलेल्या द्राक्षबागेचे दहा लाख रुपये आले. समान वाटणी केली तर प्रत्येकाला १,४२,८५७ रुपये मिळतात आणि एक रुपया उरतो. ह्या उरलेल्या एका रुपयाकडे नीट लक्ष द्या. सगळी गोम त्याच्यातच आहे.

आता १ ला ७ नं भागा, शाळेत करतो तसंच, शून्य उतरवत. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. तीस मध्ये चारदा, बाकी २. वीस मध्ये दोनदा, बाकी ६. साठ मध्ये आठदा, बाकी ४. चाळीस मध्ये पाचदा, बाकी ५. पन्नास मध्ये सातदा, बाकी १. आपण १ पासून निघालो होतो आणि पुन्हा १ वरच आलो. इथून पुढे सगळं तसंच्या तसं परत घडणार. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७… असं न संपणारं आवर्तन मिळतं.

बाकीचा क्रम वेगळा लिहून काढा: ३, २, ६, ४, ५, १. सातनं भागताना शून्य सोडून जेवढ्या बाक्या शक्य आहेत तेवढ्या सगळ्या, प्रत्येक एकेकदाच आली. आता २/७ काढायचं म्हणजे २ पासून निघायचं. पण २ ही बाकी ह्याच रिंगणात आधीपासून उभी आहे! मग भागाकार तिथून पुढे तीच वाट चालतो: २, ८, ५, ७, १, ४. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी पटही अशीच. सगळ्या बाक्या एकाच रिंगणात असल्यामुळे सगळ्या पटी एकाच रिंगणात येतात.

मुलांना मी फळ्यावर वर्तुळ काढून बाहेर भागाकाराचे अंक आणि आत बाक्या लिहायला लावते. एकदा ते चित्र हातातून उतरलं की परत सांगावं लागत नाही.

आठनं गुणलं की गंमत संपते ना?

संपत नाही, फक्त थोडी झाकली जाते. १४२८५७ × ८ = ११४२८५६. हा सात अंकी झाला. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा आणि डावीकडे उरलेला १ त्यांत मिळवा: १४२८५६ + १ = १४२८५७. परत घरी! तेरानं गुणा: १८५७१४१, म्हणजे ८५७१४१ + १ = ८५७१४२, सहावी पट. का? कारण तेराला सातनं भागलं की बाकी ६ येते.

पुन्हा तो एक रुपया आठवा. दहा लाखांच्या प्रत्येक गठ्ठ्यातून ९९९९९९ काढले की एकच उरतो. म्हणून डावीकडे जितके गठ्ठे, तितके रुपये उजवीकडे मिळवायचे. ९९९९९९ हे आपल्या संख्येच्या बरोब्बर सातपट, म्हणून मधल्या काढाघालीनं सातच्या बाकीत काही फरक पडत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिनदर्शिकेचं आहे. १४२८५७ × ३६५ = ५२१४२८०५. डावीकडचे ५२ वेगळे करा आणि १४२८०५ मध्ये मिळवा: १४२८५७. ह्यात दोन गोष्टी एकदम दिसतात. ५२ म्हणजे वर्षातले पूर्ण आठवडे. आणि उत्तर पहिल्या पटीवर आलं म्हणजे एक दिवस उरला. म्हणूनच तुमचा वाढदिवस पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकतो. लीप वर्षाचे ३६६ घ्या: ५२२८५६६२, म्हणजे ५२ + २८५६६२ = २८५७१४, दुसरी पट. लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला की वार दोननं सरकतो. हे दाखवल्यावर एका मुलानं गच्चीवरच आपल्या जन्मापासूनचे सगळे वार काढायला घेतले होते. खाली बोलावणं येईपर्यंत तो उठला नाही.

१४२ आणि ८५७ मिळवले तर ९९९ होतात. हा योगायोग आहे का?

अजिबात नाही. १४ + २८ + ५७ करा, तेही ९९. कारण पाहायचं तर ९९९९९९ चे तुकडे करावे लागतात: ९९९९९९ = ९९९ × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. मग सातनं भागल्यावर उरतं ९९९ × १४३. आता ९९९ नं तोंडी कसं गुणतो? हजारनं गुणून एक पट वजा करतो. १४३००० − १४३ = १४२८५७. हजाराच्या जागी १४३ पेक्षा एक कमी म्हणजे १४२, आणि मागे १००० − १४३ म्हणजे ८५७. बेरीज ९९९ व्हायलाच हवी!

आवर्तनाच्या दोन अर्ध्यांची बेरीज अशी सगळे नऊ देते, ह्या नियमाला फ्रान्सच्या मिदीचं नाव आहे. १८३६ सालची गोष्ट.

ही मूळ संख्या आहे का? वर्गसंख्या?

दोन्ही नाही. १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. हिला एकूण ३२ विभाजक आहेत. ३७७ चा वर्ग १४२१२९ आणि ३७८ चा १४२८८४, म्हणजे वर्गसंख्या व्हायला नेमके २७ कमी पडतात. हे २७ लक्षात ठेवा, ते पुढे दोनदा भेटणार आहेत.

शाळेत पाय (π) म्हणजे २२/७ शिकवतात. त्याचा हिच्याशी संबंध आहे का?

२२/७ म्हणजे ३ आणि १/७, म्हणून ३.१४२८५७१४२८५७… असं येतं. पण पाय म्हणजे २२/७ नव्हे. पाय ३.१४१५९… असा जातो आणि त्याला आवर्तन नाही. २२/७ थोडा मोठा आहे. तो पायपेक्षा मोठा असल्याचं आर्किमिडीजनं दाखवलं होतं, आणि आर्यभटानं दिलेलं ६२८३२/२०००० म्हणजे ३.१४१६ हे २२/७ पेक्षा पुष्कळच जवळचं आहे. मुलांनी उत्तरपत्रिकेत २२/७ जरूर घ्यावं, पण 'पाय बरोबर २२/७' असं डोक्यात बसू देऊ नये.

ह्यात नाशिकचं काय?

ह्याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते इथे देवळालीला शाळेत शिकवत होते. पदवीच्या पुढचं औपचारिक शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. तरीही त्यांनी शोधलेल्या संख्यांची नावं आज जगभर घेतली जातात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन ह्या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि बाहेरच्या जगाला ते माहीत झाले. १९८६ मध्ये ते गेले.

१४२८५७ कापरेकरांनी शोधलेली नाही, हे स्पष्ट सांगते, कारण उलटं सांगणारे पुष्कळ भेटतात. चक्रीय संख्या त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या. पण कापरेकरांनी संख्यांचे जे प्रकार ठरवले त्यांतल्या तीन प्रकारांत ही एकटी संख्या बसते. ती कापरेकर संख्या आहे, हर्षद संख्या आहे आणि जिला जगात देवळाली संख्या म्हणतात तीही आहे. तिन्ही पुढे एकेक करून पाहू.

कापरेकर संख्या म्हणजे काय?

संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज केली की घेतलेली संख्याच परत यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. उजवीकडच्या तुकड्यात घेतलेल्या संख्येइतके अंक ठेवायचे.

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. आठ अंकी साधा कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो, त्यामुळे मोबाईल आडवा धरा किंवा वहीत गुणाकार मांडा. उजवीकडचे सहा अंक १२२४४९, डावीकडे उरले २०४०८. बेरीज १४२८५७. पाच अंकी ९९९९९ नंतर येणारी पहिली कापरेकर संख्या हीच.

का होतं ते दोन ओळींत दाखवता येतं. वर्ग म्हणजे १४२८५७ च्या १४२८५७ पटी. त्यातली एक पट बाजूला ठेवा, राहिल्या १४२८५६ पटी. आता १४२८५६ = ७ × २०४०८. आणि १४२८५७ च्या सात पटी म्हणजे ९९९९९९, म्हणजे दहा लाखांना एक कमी. तेव्हा वर्ग झाला: दहा लाखांचे २०४०८ गठ्ठे, त्यांतून २०४०८ वजा, वर बाजूला ठेवलेले १४२८५७. डाव्या तुकड्यात २०४०८ आहेत आणि उजव्या तुकड्यात तेवढेच कमी आहेत. दोन्ही मिळवले की जमाखर्च मिटतो आणि १४२८५७ राहतो.

बाकीच्या पाच पटी कापरेकर संख्या नाहीत, पण त्या रिंगण सोडत नाहीत. २८५७१४ चा वर्ग ८१६३२४८९७९६, आणि ८१६३२ + ४८९७९६ = ५७१४२८. दुसरी पट वर्ग करून तोडली की चौथी होते, कारण दोनाचा वर्ग चार. ८५७१४२ चं काय होतं ते तुम्हीच करून पाहा. सहाचा वर्ग ३६, त्याला सातनं भागून बाकी काय, ह्यावरून उत्तर आधीच सांगता येईल. आणि त्याच्या शेजारची ८५७१४३ पाहायला विसरू नका. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९, तुकडे ७३४६९४ आणि १२२४४९, बेरीज ८५७१४३. उजवा तुकडा १४२८५७ च्या वर्गातलाच आहे, कारण दोघींची बेरीज बरोबर दहा लाख होते.

हर्षद संख्या?

हर्ष देणारी ती हर्षद, हे नाव कापरेकरांनीच ठेवलं. अंकांच्या बेरजेनं संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे, एवढीच अट. १ + ४ + २ + ८ + ५ + ७ = २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. सहाही पटींत तेच अंक, म्हणून बेरीज तीच २७, आणि पहिल्या संख्येला २७ नं भाग जातो म्हणून पटींनाही जातो. सहाच्या सहा हर्षद! सातवी ९९९९९९ मात्र नाही. तिच्या अंकांची बेरीज ५४, आणि विषम संख्येला ५४ नं भाग जाईल कसा?

देवळाली संख्या म्हणजे काय? आपल्या देवळालीचंच नाव?

आपल्याच देवळालीचं. मराठीत हिला स्वयंभू संख्या म्हणतात, कुठेकुठे कोलंबियन संख्या असंही नाव आहे.

एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतली तर २३ + ५ = २८. मग २८ + १० = ३८. मग ३८ + ११ = ४९. असा प्रवाह पुढे वाहत राहतो. इथे २३ ही २८ ची जनक, २८ ही ३८ ची. ह्या संख्यांचे जनक मागे मागे शोधत गेलं तर कधीतरी अशी संख्या लागते की जिच्या मागे कोणीच नाही. दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून ती तयारच होत नाही. ती स्वयंभू. नाशिककरांना हे सांगायला मला ब्रह्मगिरीपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. रामकुंडावर जे पाणी दिसतं त्याच्या वर वर चढत गेलं की त्र्यंबकला गोदावरीचा उगम लागतो, तसा हा संख्यांचा उगम. प्रवाहांचे संगमही होतात: ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. शंभरापर्यंत असे उगम तेराच आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

१४२८५७ स्वयंभू आहे हे तपासायला फार वेळ लागत नाही. तिला ९ नं भाग जातो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज ह्यांना ९ नं भागलं की बाकी एकच येते, म्हणून जनक असलाच तर तोही ९ च्या पाढ्यातला हवा, आणि त्याच्या अंकांची बेरीजही ९, १८, २७, ३६ किंवा ४५ ह्यांपैकीच. एवढ्या लहान संख्येत बेरीज त्यापुढे जाऊ शकत नाही. १४२८५७ मधून ह्या बेरजा एकेक करून वजा केल्या की पाचच उमेदवार राहिले. त्यांच्या अंकांची बेरीज किती हवी होती आणि किती आहे ते पाहा:

१४२८४८, हवी होती ९, आहे २७.
१४२८३९, हवी होती १८, आहे २७.
१४२८३०, हवी होती २७, आहे १८.
१४२८२१, हवी होती ३६, आहे १८.
१४२८१२, हवी होती ४५, आहे १८.

एकही जुळत नाही. म्हणजे ती स्वयंभूच.

आता तिच्या बाकीच्या पाच बहिणी पाहा. २८५७१४ ची जनक २८५६७८. ४२८५७१ ची ४२८५४४. ५७१४२८ ची ५७१४१०. ७१४२८५ ची ७१४२५८. ८५७१४२ ची ८५७११५. पाचही जणींच्या मागे कोणी ना कोणी आहे, पहिलीच तेवढी उगमाची. हे मी पहिल्यांदा हातानं तपासलं तेव्हा एक पट राहिली की काय म्हणून पुन्हा सुरुवातीपासून मोजलं होतं. तुम्हीही मोजा.

आणि उगमापासून पहिलं पाऊल टाकलं की काय लागतं? १४२८५७ + २७ = १४२८८४, म्हणजे ३७८ चा वर्ग. वर कमी पडलेले २७ ते हेच.

६१७४ चं आणि हिचं काही नातं आहे का?

६१७४ हा कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध, १९४९ चा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. २०२५ वर करा: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

मागच्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी ६१७४ शिकून घरी गेली आणि तीच रीत तिनं आपणहून १४२८५७ वर लावली. पुढच्या रविवारी चौकटीची वही घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, माझं कुठेतरी चुकतंय, थांबतच नाही." पान खोडून खोडून पातळ झालं होतं. आम्ही दोघींनी फळ्यावर परत मांडलं.

८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२

सातव्या ओळीवर तिचा खडू थांबला. ८, ५, १, ७, ४, २, हे तर १४२८५७ चेच अंक! पुढची वजाबाकी पुन्हा पहिलीच येणार. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सहा अंकांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही. दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि तिसरं हे सात संख्यांचं चक्र, ज्यात बहुसंख्य सहा अंकी संख्या जाऊन पडतात. गुणाकारात रिंगण धरणारी संख्या वजाबाकीतही रिंगणातच जाते, हे त्या मुलीनं मला दाखवलं.

मग मुलांनी पिनकोड काढले. नाशिकचा ४२२००१: ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६, एका पावलात चक्रात! देवळाली कॅम्पचा ४२२४०१ चौथ्या पावलाला त्याच ४२०८७६ वर येतो: ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. आमच्या नाशिक रोडच्या ४२२१०१ ला सहा पावलं लागतात, तो ८६०८३२ वर चक्रात शिरतो. वजाबाकी करताना पुढचं शून्य गाळू नका, मुलांची सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

ही संख्या पिरॅमिडमध्ये सापडली, शुभ आहे, असं वाचलं. खरं आहे?

नाही. प्राचीन इजिप्तच्या अंकलेखनात आपल्यासारखी स्थानिक किंमतच नव्हती. एकक-दशक-शतक अशा जागाच नसतील तर अंक रिंगणात फिरणार कुठे? शुभ-अशुभाचं म्हणाल तर पिनकोड चक्रात गेला म्हणून नाशिकचं भलं होत नाही आणि ६३१७६४ ला गेलेल्या गावाचं वाईट होत नाही. गाडीच्या नंबरासाठी ह्या अंकांवर जादा पैसे मोजू नका, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मग हे सगळे गुण संख्येचे, की आपण ती लिहितो त्या पद्धतीचे?

फार चांगला प्रश्न, आणि कापरेकरांच्या कामाला हलकं लेखणारे हाच विचारत आले आहेत. ३, ११, १३, ३७ हे अवयव संख्येचे स्वतःचे, कुठल्याही पद्धतीनं लिहा, बदलत नाहीत. रिंगण, कापरेकर, हर्षद, स्वयंभू हे गुण दशमान लेखनाचे, म्हणजे ० ते ९ असे दहा अंक वापरून लिहिण्याचे. दहाऐवजी ० ते ७ असे आठच अंक वापरून लिहिलं तर हीच संख्या ४२७०११ अशी दिसते आणि तिथे १/७ हा नुसता ०.१११… असा जातो.

पण म्हणून हे खेळ पोकळ ठरत नाहीत. ७ आणि १० ह्यांचं नातं खोल आहे. दहाच्या सहाव्या घाताला सातनं भागलं की बाकी १ येते, आणि त्याआधी कुठल्याही घाताला येत नाही. यातला पहिला भाग फर्माच्या छोट्या प्रमेयातून निघतो, आणि ते प्रमेय आजच्या गुप्त संकेतलेखनाच्या मुळाशी आहे. ज्या मुलीनं बाक्यांचं वर्तुळ स्वतः काढलंय तिला ते प्रमेय पुढे परकं वाटणार नाही. देवळालीच्या मास्तरांनी ती वाट आधीच चालून ठेवली आहे.

अशा आणखी संख्या आहेत का? किती?

आहेत. १/१७ चं आवर्तन सोळा अंकांचं: ०५८८२३५२९४११७६४७. त्याच्या १६ पटी अशाच फिरतात. सुरुवातीचं शून्य मात्र धरावं लागतं. शून्याशिवाय सुरू होणारी चक्रीय संख्या आपल्या दशमान पद्धतीत १४२८५७ एकटीच. शंभराच्या आत अशी रिंगणं देणाऱ्या मूळ संख्या नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७.

त्या अनंत आहेत का? अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. एमिल आर्टिन ह्या गणितज्ञानं १९२७ मध्ये अंदाज मांडला की त्या अनंत असाव्यात. आजच्या हिशोबानं मूळ संख्यांपैकी साधारण ३७.४ टक्के अशा निघाव्यात. १९६७ मध्ये हूली ह्या गणितज्ञानं ते सिद्ध केलं, पण मूळ संख्यांविषयीचा एक प्रसिद्ध अंदाज, रीमानच्या गृहीतकाचं व्यापक रूप, खरा धरून, आणि तो अंदाज स्वतःच अजून सिद्ध झालेला नाही.

९७ नंतरची १०९. तिचं आवर्तन १०८ अंकांचं आहे, जपमाळेच्या मण्यांइतकं. वही आडवी धरा, १ ला १०९ नं भागायला लागा आणि ५४ अंक झाले की थांबा. पुढचे ५४ भागाकार न करता लिहिता येतात, पहिल्या प्रत्येक अंकाला नवातून वजा करून. मग माळ जुळवा: शेवटची बाकी १ आली पाहिजे.